उंची कोठपर्यंत मोजावी? गगनचुंबी इमारतींची क्रमवारी आणि सुळके

दिल्लीच्या कुतुबमिनाराची उंची 72.5 मीटर असल्याचे सर्वत्र नमूद केले जाते. तथापि 1828 ते 1848 या काळात हा मिनार याहून उंच होता. 1803 च्या भूकंपात त्याच्या माथ्यावरील घुमटी कोसळली होती. दुरुस्तीचे काम पाहणाऱ्या मेजर रॉबर्ट स्मिथ यांनी तेथे बंगाली धाटणीची छत्री बसविली. मूळ घडणीशी ती विसंगत वाटल्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंग यांच्या काळात, 1848 मध्ये, ती उतरविण्यात आली. आज ती परिसरातील हिरवळीवर उभी आहे. एकही मजला न वाढता वा घटता वास्तूची उंची बदलली.

गगनचुंबी इमारतींच्या क्रमवारीतील वादाचे मूळही हेच होय. 1996 मध्ये क्वालालंपूरचे 452 मीटर उंचीचे पेट्रोनास मनोरे जगात सर्वोच्च ठरले, ते माथ्यावरील सुळक्यांमुळे. शिकागोच्या सिअर्स टॉवरचे छत 442 मीटरवर होते, त्याचा वापरातील शेवटचा मजला पेट्रोनासपेक्षा बराच वर होता आणि त्यावरील अँटेना तर आणखी उंच होत्या. तरीही मान गेला. कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निकषानुसार सुळका हा वास्तुरचनेचा भाग असतो, म्हणून तो मोजला जातो. अँटेना व ध्वजस्तंभ ही बदलता येणारी उपकरणे असल्याने वगळली जातात. या वादानंतर संस्थेने अनेक निकष स्वीकारले. त्यांपैकी वास्तुरचनेचा माथा, वापरातील सर्वोच्च मजला आणि अगदी वरचे टोक हे तीन पुढे कायम राहिले.

सीमारेषा मात्र नेहमीच स्पष्ट नसते. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील स्तंभाचे नियोजित आवरण रद्द झाल्यावर तो सुळका की अँटेना, असा प्रश्न उद्भवला. 2013 मध्ये सुळक्याच्या बाजूने निर्णय झाला आणि इमारतीची 541 मीटर उंची मान्य झाली. दुबईची बुर्ज खलिफा 828 मीटर उंच असली, तरी तिचा वापरातील सर्वोच्च मजला सुमारे 585 मीटरवर आहे. वरचे अंतर तीन कुतुबमिनार एकावर एक रचूनही भरून निघत नाही!

परीक्षार्थींनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. निम्म्याहून कमी उंची वापरायोग्य मजल्यांची असेल, तर ती वास्तू 'इमारत' ठरत नाही. त्यामुळे दिल्लीतील पीतमपुरा येथील 235 मीटर उंच दूरदर्शन मनोरा या यादीत बसत नाही. नोएडाच्या सेक्टर 94 मधील सुपरनोव्हा स्पायरा या मनोऱ्यासाठी जाहीर झालेली 300 मीटर उंची मात्र नेमकी 'सुपरटॉल' श्रेणीच्या उंबरठ्यावरची आहे.

क्रमवारी हा प्रतिष्ठेचा विषय. नियमन हा सुरक्षिततेचा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सपाट छताच्या इमारतीची उंची गच्चीपर्यंत मोजतात आणि निव्वळ शोभेची रचना वगळतात. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण सुटका मजल्यांवरील माणसांची करावयाची असते. विमानतळ परिसरातील बांधकामासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण ना-हरकत प्रमाणपत्र देते, तेव्हा दृष्टिकोन उलटा असतो. तेथे उंची समुद्रसपाटीपासून धरली जाते आणि पाण्याची टाकी, अँटेना, तडितरक्षक यांसह कोणताही भाग ठरवून दिलेल्या मर्यादेवर जाऊ शकत नाही. वैमानिकाच्या दृष्टीने सुळका आणि अँटेना हे दोन्ही सारखेच अडथळे असतात.