खांद्यावरचे बिऱ्हाड
मोठा कॅमेरा आणि चार लेन्स बाळगणाऱ्याने पिशवी कशी निवडावी?

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात फडके गणपती मंदिरापाशी जाऊन उभे राहिलात, तर शोभायात्रेबरोबर आणखी एक मौज पाहावयास मिळते. नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेटवर स्वार झालेल्या लेकीसुना पुढे येत असतात आणि त्यांच्यासमोर उलट्या पावलांनी मागे सरकत असते ती फोटोग्राफर मंडळी. सारे लोक यात्रेकडे पाहतात. वाचकहो, आपण जरा या मंडळींच्या खांद्यांकडे पाहू. एकाचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटे खाली उतरलेला. दुसरा दर मिनिटाला घसरता पट्टा वर ओढतो आहे. तिसऱ्याची पिशवी पोटाशी उघडी, आणि तो आत हात घालून काहीतरी चाचपतो आहे. तोवर ती बुलेटवाली निघूनही गेली!

कॅमेरा घ्यायचा म्हटला की माणूस सहा महिने विचार करतो. दहा जणांना विचारतो, चार दुकाने पालथी घालतो. पिशवी मात्र दुकानदार कॅमेऱ्याबरोबर फुकट देईल ती! परंतु फोटो काढण्याचे क्षण दिवसातून थोडे आणि सामान वाहण्याचे तास पुष्कळ. त्या तासांत साथ करते ती पिशवीच.

हमाल गेला, खांदा राहिला

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आपले डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. त्यानंतरच्या काळात ओल्या काचेवर छायाचित्र घेऊन ती वाळायच्या आत धुवून काढण्याची रीत आली. मग कॅमेऱ्याबरोबर काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीच्या जागी तंबू, असा सारा संसार हलवावा लागे. तो हमालाच्या डोक्यावरून किंवा गाडीतून जाई. साहेबांनी फक्त डोळा लावायचा.

पुढे यंत्रे लहान झाली, फिल्मची गुंडाळी आली आणि हमालाची गरज संपली. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि तेथे साडी नेसून, सायकलवर टांग मारून वृत्तछायाचित्रे घेत हिंडल्या. तेव्हापासून आजपर्यंत फोटोग्राफर हाच आपला हमाल आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, याचे खांद्यावर!

या बिऱ्हाडासाठी चांगली पिशवी कोणी शोधून काढली, तेही मनोरंजक आहे. इंग्लंडमधली बिलिंगहॅम ही कंपनी १९७३ पासून हौसेने मासे पकडणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत असे. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्यांत कॅमेरे घालून हिंडतात, असे कळल्यावर तिने कॅमेऱ्याच्याच पिशव्या काढल्या. त्याच दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ‘इन्क्वायरर’ पत्राचे छायाचित्रकार जिम डोम्की यांनी कडक पेट्यांना कंटाळून, कमरेला बिलगून राहील अशी मऊ कॅनव्हासची पिशवी तयार केली. दोन्ही गोष्टींचे सार एकच. पिशवी शोभेच्या कपाटात कशी दिसते यापेक्षा अंगावर कशी बसते, हे त्या लोकांनी पाहिले.

आधी तागडी, मग दुकान

पिशवी पाहावयास निघण्यापूर्वी आपले सारे सामान वजनाच्या काट्यावर ठेवा. एक सर्रास आढळणारा संच घेऊ. कॅननचा फाइव्ह-डी मार्क फोर हा कॅमेरा बॅटरीसह सुमारे ८९० ग्रॅम. त्याची २४–७० ची लेन्स ८०५, रुंद दृश्यासाठी १६–३५ ची ७९०, आणि लांबचे ओढून आणणारी ७०–२०० ची १,४८० ग्रॅम. बेरीज झाली ३,९६५ ग्रॅम. म्हणजे चार किलोच म्हणा. त्यात फ्लॅश, जादा बॅटऱ्या, पाण्याची बाटली, छत्री आणि खुद्द पिशवीचे किलो-सव्वा किलो मिळवा. आकडा सहाच्या पुढे सरकतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचे अंग हलके झाले आहे हे खरे. पण मोठ्या लेन्स घेतल्या की त्यांची काच आपले वजन घेऊनच येते.

आता एक तुलना करा. शाळकरी मुलाचे दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे, असे महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ठरवून दिले. तेही दोन्ही खांद्यांवर विभागलेल्या दप्तराबद्दल! साठ किलोचा गडी सहा किलो एकाच खांद्यावर टाकून दिवसभर उभा राहतो, तेव्हा मान आणि पाठ तक्रार करणार नाही तर काय करील? ज्यांचे मानेचे दुखणे आधीच जडले आहे, त्यांनी एका खांद्याच्या पिशवीचा नाद सोडून दोन पट्ट्यांची पाठीवरची पिशवी घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

कॅमेऱ्याचे माप की दिवसाचे?

बहुतेक जण दुकानात जाऊन विचारतात, “माझे सगळे सामान मावेल अशी पिशवी दाखवा.” चूक होते ती येथेच. सगळे सामान मावणारी पिशवी घेतली की सगळे सामान रोज बरोबर निघते. कारण रिकामा कप्पा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. पिशवी मापायची ती आपल्या दिवसाला.

समजा, अनंत चतुर्दशीला लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत मिरवणुकीबरोबर जायचे आहे. लालबागच्या राजाची मिरवणूक सकाळी निघते आणि चौपाटीला पोहोचेतो वीस तास उलटून जातात. अशा दिवशी कॅमेरा आणि दोन लेन्स पुरेत. २४–७० कॅमेऱ्यावर, दुसरी पिशवीत. चार लेन्सवाला तिसऱ्या तासाला कुठेतरी पायरी शोधत बसतो, आणि चित्र पुढे निघून जाते.

लग्नकार्याचा दिवस निराळा. तेथे चारही लेन्स लागतील. पण कार्यालयात एखादी भरवशाची खोली असते, जोडीदार असतो. मोठी पिशवी तेथे ठेवून लहान पिशवीनिशी हिंडता येते. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाचे फोटो काढायचे असतील, तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. वेल्क्रोचे झाकण शांत प्रसंगात ‘चर्र’ करून उघडले, की नटापासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांच्या नजरा तुमच्याकडे! तेथे बक्कल किंवा हूक हवा.

म्हणून म्हणतो, महिन्यातले वीस दिवस जसे जातात त्या मापाची पिशवी घ्या. उरलेल्या दिवसांसाठी घरी एक मोठी असली म्हणजे झाले.

आतली घरे

पिशवीची खोली मोजताना ७०–२०० ची लेन्स आठवा. ती एकटीच वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. ती उभी राहिली आणि वरचे झाकण नीट बसले, तर पिशवी खोलीला पुरेशी. नेहमीची लेन्स लावलेला कॅमेरा, लेन्स खाली आणि पाठ वर, असा ठेवता आला पाहिजे. म्हणजे हात घातल्याबरोबर मूठ सापडते. कप्प्यांचे पडदे हलवून हवे तसे लावता यावेत. आतले अस्तर फिकट रंगाचे असावे. काळ्या अस्तरात पडलेले काळे टोपण शोधणे म्हणजे अमावास्येला म्हैस शोधणे!

आणि एक घर नेहमी रिकामे ठेवा. लेन्स बदलताना कॅमेऱ्यावरची काढून कुठे ठेवणार? रिकामे घर असले, तर ती तेथे जाते आणि दुसरी बाहेर येते. ते नसले, की एक लेन्स काखेत, टोपण दातांत, अशी कसरत सुरू होते. इलेक्ट्रॉनिक यंत्रे येण्यापूर्वीचा बेस्टचा कंडक्टर आठवून पाहा. खच्चून भरलेल्या गाडीत, खाली न बघता, त्याचा हात कातडी पिशवीतल्या नेमक्या नाण्यावर पडे. घरी दिवा मालवून दहा वेळा लेन्स बदलण्याचा सराव करा. पिशवी बरी की वाईट, ते हातच सांगतील.

पट्टा आणि गर्दी

पिशवीचा जीव पट्ट्यात. तो किमान चार बोटे रुंद असावा, आणि पिशवीच्या तळाखालून फिरवून शिवलेला असेल तर उत्तम. केवळ वरच्या कडेला दोन रिबिटांवर टांगलेला पट्टा कधीतरी दगा देतो. लाखाच्या घरातली लेन्स पाच रुपयांच्या प्लॅस्टिकच्या हुकावर टांगू नये. हूक धातूचाच घ्यावा.

पट्टा एका खांद्यावर सैल सोडण्यापेक्षा जानव्यासारखा आडवा घ्यावा. तो घसरत नाही आणि हातही मोकळे राहतात. पण जानव्याप्रमाणे त्यालाही सव्य-अपसव्य करीत जा. तासातासाला बाजू बदलली, तर कोणताही एक खांदा शिणत नाही. लांबी अशी ठेवा की पिशवी कमरेला टेकेल. मांडीवर आपटणारी पिशवी चालण्याचा ठेका मोडते.

दादरला पश्चिम रेल्वेतून उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडणाऱ्याला पुढची गोष्ट सांगावयास नको. गर्दीत शिरताना पिशवी पोटावर, झाकणाच्या उघडायच्या कडेवर हात. चेन असेल तर ती अंगाकडच्या बाजूने उघडणारी बरी. खांद्याच्या पिशवीचा खरा फायदा हाच की ती खाली न ठेवता उघडता येते. पाठीवरच्या पिशवीला त्यासाठी ओटा शोधावा लागतो. आणखी एक. कॅमेरा कंपनीचे नाव ठळक अक्षरांत मिरवणारी पिशवी शक्यतो टाळा. आत काय आहे, याची जाहिरात आपण का करावी?

चार महिन्यांचा पाहुणा

मुंबईत पिशवी घेणाऱ्याने पावसाळा विसरून चालत नाही. परळ-दादरच्या सीमेवर हिंदमाताला पाणी भरले, की पिशवी छातीशी धरून चालावे लागते. तेव्हा झाकण नुसते वर टेकलेले नको. दोन्ही बाजूंनी खाली वळून चेन झाकणारे हवे. पावसाळी खोळ पिशवीतच कायमची असू द्या. घरी राहिलेली खोळ घरालाच झाकते.

पाण्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. जुलै महिन्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लेन्सच्या काचेवर बुरशी धरते ती अशाच अंधाऱ्या, कोंदट, दमट जागी. प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. पुढे तिच्यातील आम्ल काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि मग ती साफ करूनही डाग राहतो. गादी भरलेली पिशवी ओल शोषून धरते. म्हणून पिशवी ही प्रवासाची सोबतीण आहे, रात्रीचे घर नव्हे. घरी येताच सामान बाहेर काढा, पिशवी उघडी करून पंख्याखाली ठेवा. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, किंवा ऐपत असल्यास आर्द्रता ४०–५० टक्क्यांवर राखणारे विजेचे कपाट घ्या. निळ्या रंगाची सिलिका जेल गुलाबी झाली, म्हणजे तिचे पोट भरले असे समजून ती तापवून सुकवावी.

कॅनव्हास, चामडे की शबनम?

धारावीच्या चामड्याच्या दुकानांत फेरी मारली तर देखण्या पिशव्या पाहून मन मोहते. चामडे टिकाऊ खरे, तथापि जड. आणि आपल्या पावसाळ्यात त्याच्यावर पांढरी भुरी धरते. रोजच्या कामाला घट्ट विणीचा कॅनव्हास किंवा नायलॉन बरा. पत्रकार-साहित्यिकांची लाडकी शबनम एका लहान कॅमेऱ्यापुरती ठीक. चार किलो काच तिच्यात घालणे म्हणजे काच आणि शबनम दोघांवरही अन्याय. काटकसर करावयाची असेल, तर कप्पे असलेली गादीची आतली पेटी सुटी मिळते. ती घरातल्या एखाद्या मजबूत, साध्या पिशवीत बसवावी. काम भागते, आणि चोराचेही लक्ष जात नाही.

फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तेथे जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. आपले सामान बरोबर न्या. पिशवी भरा, अंगावर घ्या आणि दुकानदाराची परवानगी काढून दहा मिनिटे तशीच वागवा. वाका, बसा, जिना चढा, न बघता लेन्स बदला. रिकामी पिशवी सगळ्यांनाच हलकी वाटते. खरी परीक्षा भरलेलीची.

लालबाग-परळच्या चाळींतून आज कितीतरी मुले हप्त्यांवर कॅमेरा घेऊन या धंद्यात उतरत आहेत. त्यांच्या दृष्टीने ही पिशवी म्हणजे चालतेबोलते दुकान. त्यातली एक लेन्स पडली किंवा तिला बुरशी लागली, तर महिन्याची मिळकत गेली. आणि खांदा किंवा पाठ कायमची धरली, तर कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे तिचा सुटा भाग मिळत नाही. तेव्हा तरुण मित्रांनो, या दिवाळीत नवी लेन्स घेण्याचा बेत असेल तर तो खुशाल करा. पण आधी जुन्या लेन्स जिच्यातून जातात, त्या पिशवीचा पट्टा, हूक आणि शिवण उजेडात धरून एकदा नीट तपासा.