बजरीगारची वीण : आधी मादी जपा, मग पिल्ले मोजा

वसई, नालासोपारा, विरार भागात वाडीतल्या घराच्या पडवीत किंवा इमारतीच्या गॅलरीत रंगीत छोट्या पोपटांची जोडी अनेक ठिकाणी दिसते. बाजारात या पक्ष्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. पण हा बजरीगार, मूळचा ऑस्ट्रेलियातला. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला असून त्याची जात वेगळी आहे. जोडी रुळली की मडक्यात अंडी व पुढे पिल्ले दिसू लागतात. घरात आनंद होतो. मग एकामागून एक उबवण घेतली जाते आणि एके दिवशी मादी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडते. थोडी शिस्त पाळल्यास हे नुकसान टाळता येते.

वीण थांबत का नाही?

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात पाऊस पडून गवताचे बी मुबलक झाले की बजरीगार वीण घेतो. दाणा संपला की थांबतो. आपल्या पिंजऱ्यात मात्र दाणा-पाणी बारमाही भरपूर आणि मडकेही कायम टांगलेले. त्यामुळे पक्ष्याला सदैव सुगीच वाटते. मादीचे वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम, एका अंड्याचे सुमारे 2 ग्रॅम. सहा अंडी म्हणजे तिच्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश भार ती दहा-बारा दिवसांत अंगातून देते. ही झीज भरून येण्यास विश्रांती हवीच.

जोडीची निवड

नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग बहुतेक प्रौढ नरांत निळा, तर विणीस आलेल्या मादीत तपकिरी असतो. दोन्ही पक्षी किमान एक वर्षाचे असावेत. एकाच घरट्यातील भावंडांची जोडी लावू नये.

घरटे व हंगाम

मडक्यापेक्षा लाकडी पेटी सोयीची, कारण झाकण उघडून पाहणी व सफाई करता येते. तळाला अंडी एकत्र राहतील असा उथळ खोलगट भाग असावा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ विणीस चांगला. पावसाळ्यात दमट हवेने दाण्याला बुरशी लागते, तर एप्रिल-मेमध्ये पेटीत उष्मा होतो.

आहार

राळा, बाजरी, वरी या दाण्यांबरोबर मोड आलेले मूग, कोथिंबीर व मेथी द्यावी. फवारणी केलेल्या मळ्यातील पाला देऊ नये. विणीच्या काळात उकडलेले अंडे थोडे द्यावे. कवचासाठी चुना लागतो. त्याकरिता पिंजऱ्यात समुद्रफेस कायम अडकवावा. किनाऱ्यावर सापडलेला समुद्रफेस गोड्या पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलत, नंतर कडक वाळवून वापरावा.

अंडी ते पिल्ले

मादी दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी देते. प्रत्येक अंडे सुमारे 18 दिवसांत उबते, म्हणून पिल्लेही मागेपुढे निघतात. पिल्ले साधारण पाचव्या आठवड्यात पेटीबाहेर येतात. त्यानंतर आठ-दहा दिवस नर त्यांना भरवतो. ती स्वतः दाणा फोडू लागल्यावरच वेगळी करावीत.

वीण कशी थांबवावी?

1. वर्षातून दोनच उबवणी घ्याव्यात. नंतर काही महिने पूर्ण विश्रांती द्यावी.
2. शेवटचे पिल्लू बाहेर पडताच पेटी काढून टाकावी. पेटी राहिल्यास मादी लगेच पुन्हा अंडी घालते व आधीच्या पिल्लांना टोचतेही.
3. उकडलेले अंडे व मोडाचे धान्य बंद करावे. साधा दाणा, पाला व समुद्रफेस चालू ठेवावा.
4. संध्याकाळी लवकर पिंजऱ्यावर हवा खेळेल असे गडद कापड टाकावे. दिवसाचा उजेड दहा तासांवर आणावा.
5. तरीही मादी तळावर अंडी घालू लागली तर रोजच्या रोज अंडे उचलू नये. उचललेले अंडे भरून काढण्यासाठी ती पुन्हा अंडे घालते. अंडी तशीच राहू द्यावीत. तिचे लक्ष उडाले की मग काढावीत.
6. एवढ्याने न भागल्यास नर व मादी वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवावेत.

अंडे अडकल्यास

मादी पिसे फुगवून तळाशी बसते, शेपूट वरखाली हलवते, कुंथते व पोटाचा खालचा भाग सुजलेला दिसतो. तिला ताबडतोब उबदार, शांत जागी ठेवावे व त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. अंडे आत फुटल्यास मादी दगावते.

दोन सूचना

पिंजऱ्यातील विष्ठेच्या धुळीतून माणसाला श्वसनाचा आजार होऊ शकतो. सफाई करताना पाणी शिंपडावे व नाकाला फडके बांधावे. दुसरे, आपला रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार गुन्हा आहे. बजरीगारला ही बंदी लागू नाही.

पिंजऱ्याजवळ एक वही ठेवावी. पहिले अंडे, पहिले पिल्लू व पेटी काढल्याची तारीख तीत लिहावी. दुसऱ्या उबवणीची नोंद झाली की पेटी धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवावी. दोन उबवणींची निरोगी पिल्ले आणि पुढच्या हिवाळ्यात तीच धडधाकट मादी, यातच पाळणाऱ्याचा खरा फायदा आहे.