तीन कचेऱ्यांच्या मधले मूल

नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत बाप परागंदा, आई पहाटेच्या गाडीने कामाला गेलेली आणि आठ-नऊ वर्षांचे मूल दिवसचे दिवस कुलपाआड, अशी अवस्था शेजाऱ्यांच्या ध्यानी आली, तर त्या मुलाची वास्तपुस्त करण्याचा अधिकार असलेल्या कचेऱ्या तीन दिशांना विखुरलेल्या आहेत. पोलीस ठाणे ज्या आयुक्तालयाच्या अंमलाखाली येते त्याचे मुख्यालय मिरा रोडला, म्हणजे शेजारच्या ठाणे जिल्ह्यात. जिल्हाधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून विभक्त झालेल्या पालघर जिल्ह्याचे. आणि चार नगरपरिषदा व भोवतालची गावे एकत्र करून 2009 साली उभारलेल्या वसई-विरार महानगरपालिकेचा कारभार चालतो विरारहून. एकाच मुलाची हकिकत तीन दप्तरांत तीन तऱ्हांनी नोंदली जाण्याचा संभव येथे असतो, आणि कोठेच न नोंदली जाण्याचा त्याहून अधिक.

कायद्याने या अंतराचा विचार केलेलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने निराधार किंवा संकटग्रस्त मुलाविषयीचा निर्णय बालकल्याण समितीकडे सोपवला; एक अध्यक्ष व चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, परंतु तिच्यावर बसतात ते मुलांच्या शिक्षणाचा, आरोग्याचा वा कल्याणाचा अनुभव असलेले नागरिक. मूल सापडल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला समितीपुढे हजर करावे लागते. ही वगळणूक किती आवश्यक आहे, हे विरारच्या फलाटावर डहाणू लोकलची प्रतीक्षा केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. पण चोवीस तासांचे हे घड्याळ सुरू होते ते कोणीतरी वर्दी दिल्यानंतर. 1996 साली मुंबईत सुरू झालेली 1098 ही दूरध्वनी सेवा अनेक वर्षे स्थानिक संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या बळावर चालली; 2023 मध्ये ती शासकीय यंत्रणेने आपल्याकडे घेतली. व्यवस्थेत एकसूत्रीपणा आला हे खरे, तथापि गल्लीबोळ आणि माणसे ओळखणारा कार्यकर्ता या व्यवहारात दुरावू नये, असे मला वाटते.

जुन्या वसईत अशी ओळख दुर्मिळ नव्हती. चर्चचा परिसर, ज्ञातिमंडळे, वाचनालये, 1918 साली सुरू झालेली कॅथलिक समाजाची सहकारी पतसंस्था, या सर्वांच्या विणीत विधवेचे घर किंवा पोरके मूल सहसा नजरेआड होत नसे. आज साहाय्याची निकड अधिक आहे ती रेल्वेच्या पूर्वेकडील भाड्याच्या खोल्यांत, जेथे ही वीण पोहोचतच नाही. एकल पालकाच्या मुलाला घरीच वाढवता यावे म्हणून राज्याची बालसंगोपन योजना दरमहा 2250 रुपये देते. पण उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, रहिवासाचा पुरावा यांची जुळवाजुळव करताना दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारी आई थकून जाते, आणि तिच्यासोबत तहसील कचेरीची पायरी चढणारी अंगणवाडी सेविका किंवा शेजारीण नसेल, तर अर्ज बहुधा पिशवीतच राहतो.

सरकार आणि समाज यांच्या सहकार्याचा वसईतला खरा धडा मात्र समितीच्या बैठकीत नव्हे, वीटभट्टीवर गिरवला गेला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 साली झाला आणि त्यात दंडाधिकाऱ्याच्या शेजारी नागरिकांना बसवणाऱ्या दक्षता समित्यांची तजवीजही होती. परंतु कायदा आहे एवढ्याने वेठ सुटत नाही, ती सोडवण्यासाठी वसई तालुक्यातल्या दहिसरच्या आदिवासींना 1982 मध्ये विवेक पंडित यांच्या पुढाकाराने श्रमजीवी संघटना बांधावी लागली. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी-वारली कुटुंबे दिवाळी उलटली की उचल घेऊन भट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात; म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष ज्या गावी मुलाचे नाव पटावर असते तेथे मूल नसते, आणि जेथे मूल असते तेथे त्याचे नाव नसते. लहानगी धाकट्या भावंडांना सांभाळतात, थोरली विटा उलथतात. भट्टीवर मजूर ज्या खोपटात राहतात त्याला भोंगा म्हणतात. उसगावच्या विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात त्या भोंग्यांच्या शेजारी शाळा भरवली आणि तिचे नावही भोंगाशाळा असेच पडले. मुलाने शाळेकडे यावे हा नेहमीचा क्रम उलटून शाळा मुलाच्या मागे गेली. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, गाव सोडणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत पाडली, आणि महिला व बालविकास खात्याने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी नोंदप्रणालीही आणली. या सर्व तजविजी स्तुत्य आहेत; फक्त मोखाड्यात दिलेला कागद वसईत कोणीतरी मागून घ्यावा लागतो.

तो मागून घेणारा इसम शहरात कोण असावा, याचे उत्तर कागदोपत्री तयार आहे. गावात सरपंचाच्या आणि शहरात नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असावी, तीत शिक्षक, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका यांच्याबरोबर मुलांचेही प्रतिनिधी असावेत, अशी ही योजना आहे. परंतु वसई-विरार महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत जून 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मधल्या साडेपाच वर्षांत, ज्यांत टाळेबंदी आली, रोजगार बुडाले आणि कित्येक घरांतला कर्ता गेला, ज्याने अध्यक्ष व्हावयाचे तो नगरसेवकच अस्तित्वात नव्हता. प्रशासकाच्या राजवटीत रस्ते होतात, गटारे होतात, पण अमक्या खोलीतले मूल शाळेत का दिसत नाही, हा प्रश्न विचारण्यासाठी निवडून आलेला माणूसच लागतो. आता 115 सदस्यांचे सभागृह आले आहे. बहुतेक प्रभागांतून चार-चार जण निवडून आल्यामुळे समितीचे अध्यक्षपद त्यांपैकी कोणी स्वीकारायचे, हे प्रथम ठरवावे लागेल, आणि ते भट्ट्या पुन्हा पेटण्यापूर्वी ठरलेले बरे.