जुन्या चाकांचें मोल

मोटारीचें चाक म्हणजे झिजणारी व बदलली जाणारी एक सामान्य वस्तु, अशीच बहुतेकांची समजूत असते. मोटार जुनी झाली कीं तिच्याबरोबर चाकेंही मोडींत जावयाचीं. परंतु जुन्या मोटारींच्या शौकिनांत कांहीं चाकें गाडीपासून सुटीं होऊन स्वतंत्रपणें विकलीं जातात, दुरुस्त होतात आणि पुन्हा विकलीं जातात. अशा चाकांची किंमत कशी ठरावी, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. त्याचें सर्वांत नांवाजलेलें उदाहरण म्हणजे जर्मनींतील फुक्स चाक.

१९६६ सालीं पोर्शे कंपनीनें आपली ९११ एस ही गाडी पुढें आणली, तेव्हां तिला पोलादी चाकांऐवजीं अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं चाकें बसवलीं. तीं माइनर्ट्सहागेन गांवच्या ओटो फुक्स यांच्या कारखान्यांत तयार होत. त्यांची आकृति पोर्शेच्याच हाइनरिख क्ली यांची. पांच पाकळ्यांचें फूल असावें तसें हें चाक दिसतें. परंतु त्याचें खरें वैशिष्ट्य असें कीं, तें ओतीव नसून घडीव आहे. वितळलेला धातु साच्यांत ओतला असतां त्यांत बारीक पोकळ्या राहण्याचा संभव असतो. तापवलेला गोळा प्रचंड दाबाखालीं घडवला म्हणजे धातु दाट व चिवट होतो, आणि तेवढ्याच बळकटीचें चाक हलकें करतां येतें. पहिलीं चाकें साडेचार इंच रुंद होतीं. १९६८ च्या गाड्यांना साडेपांच इंच, १९६९ च्या गाड्यांना सहा इंच, आणि १९७३ च्या कॅरेरा आर. एस. या गाडीला मागील बाजूस सात इंच, अशी ती रुंदी वाढत गेली. ही यादी कंटाळवाणी खरी. पण सौदा ठरतो तो तिच्यावरूनच.

चाक उलटें केलें म्हणजे त्याच्या पाठीवर रुंदीचा, क्रमांकाचा आणि घडणीच्या महिन्या-वर्षाचा शिक्का आढळतो. १९६९ सालच्या गाडीच्या मालकास त्याच सुमाराचा शिक्का असलेलीं चाकें हवीं असतात, आणि त्यांसाठीं तो खुषीनें अधिक मोजतो. सहा इंची चाकांतही आरंभींचीं खोलगट व पुढचीं सपाट असा भेद आहे. रुंदी तीच, व्यास तोच; तरी खोलगट चाकांचा भाव पुष्कळच वरचा. बाहेरच्या माणसास यांत वेडेपणा दिसेल. परंतु ज्याला आपली गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशी करावयाची आहे, त्याला हा भेद खरा आहे.

नवखा विक्रेता चुकतो तो हिशेबाच्या दिशेंत. समजा, त्यानें चार चाकें ८०० युरोंस घेतलीं. जुना थर काढणें, घांसणें व नवा थर चढवणें यांसाठीं १,२०० युरो खर्चले. वाहतुकीस १०० गेले. एकूण २,१०० झाले म्हणून तो २,५०० मागतो. (आकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत.) गिऱ्हाइकास मात्र या बेरजेशीं कांहींच कर्तव्य नसतें. त्यानें तशींच चाकें १,८०० युरोंस विकलेलीं पाहिलीं असतील, तर विक्रेत्याचे ३०० युरो बुडालेच. खरा हिशेब शेवटाकडून आरंभाकडे करावयाचा असतो: काम पुरें झाल्यावर हीं चाकें कशीं जातील, त्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा जातां काय उरतें, आणि त्या उरलेल्या रकमेंत तीं आज मिळतात काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधतांनाही मागितलेल्या किमती पाहून उपयोग नाहीं. मागण्यास पैसे पडत नाहींत. सौदा ज्या आंकड्यावर मिटला तोच खरा.

दुसरी चूक अधिक दुःखाची, कारण ती मेहनत करून केलेली असते. मूळ चाकावर विद्युत्क्रियेनें चढवलेला संरक्षक थर असे व त्याची झांक मंद, रेशमी असे. हौशी कारागीर तो थर काढून चाक आरशासारखें घांसतो. पाहणारे वाहवा करतात. जाणता मात्र पाकळ्यांच्या कडांवरून बोट फिरवतो. कडा गोल झाल्या असल्या, शिक्क्याचे अंक पुसट झाले असले, तर धातु गेला तो गेलाच. शिवराई चिंचेनें लखलखीत करून आणणाऱ्या माणसाकडे नाणेसंग्राहक ज्या नजरेनें पाहतो, तीच ही नजर. म्हणूनच बारीक ओरखडे असलेलीं, पण मूळ थर शाबूत राखलेलीं चाकें कित्येकदां चकचकीत चाकांहून महाग जातात. ज्यांचा थर आधींच गंजून फुटला आहे, त्यांनाच दुरुस्तीनें मोल चढतें. अशा वेळीं मूळ पद्धतीनें पुन्हा थर देणारा कारागीर शोधावा. वरून पारदर्शक रोगण फांसणें स्वस्त पडतें, परंतु त्याखालीं ओल शिरली कीं गंजाचे धागे पसरूं लागतात.

येथवर प्रश्न पैशाचा होता. वांकलेल्या व चिरलेल्या चाकांपाशीं तो जिवाचा होतो. घडीव धातूची ताकद त्याच्या उष्णसंस्कारांत असते. वेल्डिंग केलें कीं सांध्याभोंवतालचा धातु मऊ पडतो, आणि वर रंग चढल्यावर डोळ्यांस तें कांहींच दिसत नाहीं. जर्मनींत वेल्डिंग केलेलें किंवा तापवून सरळ केलेलें चाक वाहनतपासणींत मान्य होत नाहीं. इतर कांहीं देशांत सरळ करण्याचा धंदा उघडपणें चालतो. म्हणून चोख विक्रेता काम सुरू करण्यापूर्वींचीं छायाचित्रें जपतो, चाक फिरवून त्याची लटक मोजतो, भेगा दाखवणारा रंगद्रव लावून परीक्षा करवितो, आणि हे कागद चाकांबरोबर देतो. त्या कागदांची किंमत गिऱ्हाईक आनंदानें देतें. ते नसतील तर चाक कितीही देखणें असो, भाव उतरलाच पाहिजे.

सर्वसाधारण मापांच्या बाबतींत आणखी एक मर्यादा पडते. फुक्स कारखाना जुन्या धर्तीचीं चाकें आजही घडवतो, आणि नव्या चाकाहून जुनें दुरुस्त चाक महाग घेण्यास फारसें कोणी धजत नाहीं. जुन्या शिक्क्याच्या दुर्मिळ चाकांस मात्र ही मर्यादा लागू नाहीं, कारण १९६९ चा महिना आतां कोणासही नव्यानें घडवतां येत नाहीं. नकली शिक्क्यांचा मोह होतो तो येथेंच. चार चाकांचा जुळता संच चार सुट्या चाकांहून अधिक किमतीस जातो, हें सांगावयास नकोच. पण तीन चांगलीं व एक सरळ केलेलें असेल, तर तें चौथें कोणतें हें खुणेनें दाखवून द्यावें. शौकिनांचें वर्तुळ लहान असतें, आणि तेंच गिऱ्हाईक पुढल्या वर्षीं दाराशीं उभें राहतें.

जें चाक चिरलें आहे, त्याचेंही कांहीं मोल उरतें. त्याचें मेज होतें, घड्याळ होतें, भिंतीवरची शोभा होते. तें तशाच भावानें, तसें सांगून विकावें. आणि विकण्यापूर्वीं त्याच्या धांवेस एक ठसठशीत भोंक पाडून ठेवावें, म्हणजे तिसऱ्याच्या हातीं गेल्यावर तें पुन्हा रस्त्यावर येणार नाहीं.