रिबिटची पकड

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत पनवेलचं नाव बैलगाडीच्या चाकांसाठी येतं. लोखंडी धाव तापवून फुगवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी मारून आवळायची. जुन्या जीपच्या चासीत तापवून मारलेलं रिबिटही असंच काम करतं. निवताना ते आखडतं आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट दाबून धरतं. आज त्याच पनवेलच्या वेशीवर कळंबोलीचा लोखंड बाजार आहे आणि ट्रकची वर्दळ आहे.

महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या जीपच्या चासीचे क्रॉस मेंबर, म्हणजे आडव्या पट्ट्या, रिबिटांनी जोडलेले असतात. खड्ड्यातून जाताना चासी पिळली जाते. वेल्डिंगच्या कडेला धातूचा पोत उष्णतेने बदललेला असतो आणि भेग बहुधा तिथूनच सुटते. म्हणून ढिल्या रिबिटावर वेल्डिंगचा टाका मारणं ही माझ्या मते दुरुस्ती नव्हेच. शिवाय पनवेलच्या पावसात आणि खाडीच्या दमट हवेत दोन पत्र्यांमध्ये गंज धरतो आणि फुगून त्यांना अलग करतो. रिबिट काढल्याशिवाय तो खरवडता येत नाही.

काढण्यातच खरी कसोटी आहे. आधी डोक्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करायची. बारीक ड्रिलने वाट पाडायची, मग रिबिटाच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीपुरतं चालवायचं. आडव्या छिन्नीने डोकं उडवायचं आणि उरलेला दांडा पंचाने ठोकून बाहेर काढायचा. गॅस कटरने हेच काम झटपट होतं, पण त्यात भोकाची कड जळते. भोक लांबट झालं असेल तर रीमरने गोल करून पुढच्या मापाचं रिबिट घ्यावं लागतं.

नव्या रिबिटाची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी आणि वर व्यासाची दीडपट. पत्रे मिळून ८ मिमी आणि रिबिट १० मिमी असेल तर लांबी २३ मिमी. भट्टीत ते सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत, नारंगी होईतो तापवतात. सांडशीने भोकात घातलं की एकजण डोक्याला डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, लावून रेटतो, दुसरा समोरून घाव घालतो आणि शेवटी स्नॅपने, म्हणजे खोलगट तोंडाच्या ठशाने, गोल डोकं घडवतो. सगळं काही सेकंदांत उरकावं लागतं, कारण लाली गेल्यावर मारलेल्या घावाने रिबिटाला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर एका बाजूला बोट ठेवून दुसरीकडून हलकी हातोडी मारतात. ढिलं रिबिट बोटाखाली थरथरतं.

भट्टीची सोय नसेल तर रीम केलेल्या भोकात नेमका बसणारा उच्च ताणाचा बोल्ट चालतो. सैल भोकातला साधा बोल्ट मात्र चालत नाही.

जुनी जीप कामाला देणाऱ्यांना एकच विनंती आहे: चासीला रंग लागण्यापूर्वी गॅरेजात जा आणि रिकामी भोकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.