दुर्बिणीला न दिसणारे दुखणे

सकाळी उठल्यावर काही नसते. डबे होतात, पाणी भरून होते आणि अकराच्या सुमारास ओट्याशी उभे असताना ओटीपोट जड वाटू लागते. दुपारनंतर ठणका. संध्याकाळी बसमध्ये उभ्याने घरी येईपर्यंत जीव नकोसा होतो. पाठ टेकली की हळूहळू उतार पडतो. पाळीच्या आधी त्रास वाढतो, पतिपत्नीच्या संबंधांनंतर तर तासन्‌तास दुखते. (हे शेवटचे संकोचाने डॉक्टरांनाही सांगितले जात नाही आणि निदानाला नेमके तेच हवे असते.) सोनोग्राफी नॉर्मल येते. मग घरात सुरू होते, ‘हिचे नेहमीचेच!’

सहा महिन्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या अशा दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत : एण्डोमेट्रिऑसिस, जंतुसंसर्ग, आतड्याचे वा मूत्राशयाचे विकार. पण उभे राहिल्यावर वाढणारे आणि आडवे झाल्यावर उतरणारे दुखणे ओटीपोटातल्या फुगलेल्या शिरांकडेही बोट दाखवते. पायांवरच्या गाठाळ, निळ्या व्हेरिकोज व्हेन्स आपण पाहिलेल्या असतात. तोच प्रकार गर्भाशयाच्या नि बीजांडकोशांच्या शिरांत होतो. रक्त वर हृदयाकडे चढते ते शिरांतल्या झडपांच्या आधाराने. गरोदरपणात या शिरा कित्येक पट रुंदावतात, झडपांची पाने एकमेकांना भिडेनाशी होतात आणि रक्त खाली साचू लागते. म्हणूनच दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा विकार अधिक. काहींच्या बाबतीत मात्र मूळ अडथळा दुसरीकडेच असतो. डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन रोहिण्यांमध्ये चिमटलेली असते, किंवा डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर रोहिणीखाली दबलेली असते.

न्यूयॉर्कचे डॉ. हॉवर्ड टेलर यांनी १९४९ मध्ये या रक्तसंचयावर विस्ताराने लिहिले. पण त्याचा संबंध त्यांनी मानसिक ताणाशी जोडला. शिरा दिसूनही दोष पुन्हा बाईच्या मनाकडेच! १९८४ मध्ये लंडनच्या डॉ. रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी, दुर्बिणीच्या तपासणीत काहीही न सापडलेल्या स्त्रियांच्या शिरांची रंगद्रव्य सोडून क्ष-किरण छायाचित्रे घेतली. बहुतेकींच्या शिरा रुंदावलेल्या निघाल्या.

मग दुर्बिणीला त्या का दिसल्या नाहीत? उत्तर साधे आहे. त्या तपासणीत रुग्णाला डोक्याकडून खाली झुकवतात आणि पोटात वायू भरतात. शिरा रिकाम्या होऊन चपट्या पडतात. आडवे झोपवून केलेल्या सोनोग्राफीतही असेच निसटते. डॉपलर सोनोग्राफी उभ्याने, पोटावर जोर द्यायला सांगून केली, तर उलटे वाहणारे रक्त पकडता येते. गरजेप्रमाणे एमआरआय आणि अखेर शिरेत नळी घालून व्हेनोग्राम.

उपचारांत संप्रेरकांची औषधे आहेत. ती घेत असेपर्यंत काहींना आराम पडतो. दुसरा मार्ग १९९३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला आहे. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी सरकवून बिघडलेल्या शिरेत धातूच्या स्प्रिंगा बसवतात व ती बंद करतात. रक्त निरोगी शिरांनी वाट काढते. पोटावर टाके नाहीत. बहुतेकींचे दुखणे कमी होते, सगळ्यांचे नाही. मोठ्या तुलनात्मक चाचण्याही अजून थोड्याच झाल्या आहेत. शिवाय शिरा फुगलेल्या असूनही काहीच न दुखणाऱ्या स्त्रिया असतात, तेव्हा निव्वळ रिपोर्ट पाहून उपचारांची घाई नको.

घाई होते ती गर्भाशय काढण्याची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यांमागे शिरांचाच विकार होता असे अजिबात नव्हे. पण मूळ दोष बीजांडकोशाच्या शिरेत असेल, तर गर्भाशय गेल्यावरही दुखणे मागे उरू शकते.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी पंधरा दिवस एका वहीत लिहावे : दुखणे किती वाजता सुरू झाले, तेव्हा आपण उभ्या होतो की बसलेल्या, झोपल्यावर किती वेळाने थांबले. ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी आणि ‘डॉपलर उभ्याने करता येईल का?’ असे विचारावे.