कोडं घातल्यावर गप्प कसं बसावं

मंडळी, आपल्या भाषेत कोडं 'घालतात' आणि मग ते 'सुटतं'. घालणारा एक, सोडवणारा दुसरा. सोडवणाऱ्याच्या बुद्धीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आज आपण घालणाऱ्याबद्दल बोलू. उत्तर ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यानं करायचं काय?

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात याचा एक नमुना आहे. सॉक्रेटिस मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावतो. भूमिती त्याला कुणी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस एक चौरस काढतो. बाजू २ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ४ चौरस फूट. मग विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांचा चौरस हवा असेल तर बाजू किती घ्यायची?

मुलगा बेधडक सांगतो, दुप्पट! ४ फूट. (आत्ता इथं किती जणांच्या मनात हेच आलं, ते आम्ही विचारत नाही.) सॉक्रेटिस 'चूक' म्हणत नाही. तो ४ फुटांचा चौरस काढून त्यालाच मोजायला लावतो. होतात १६. मुलगा म्हणतो, मग ३ फूट. तीन त्रिक नऊ. तेही जमत नाही. शेवटी तो कबूल करतो, मला नाही माहीत.

इथं सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, आपण याचं काही नुकसान केलं का? मघाशी त्याला वाटत होतं की आपल्याला येतंय. आता येत नाही हे त्याला कळलंय, आणि म्हणूनच तो शोधायला तयार झालाय. आमच्या मते कोडं घालणाऱ्यानं जपायचा क्षण तो हाच. नेमकी इथंच आपली जीभ वळवळते आणि आपण उत्तर सांगून मोकळे होतो.

पुढचं सोपं आहे. १६ चा चौरस म्हणजे ४-४ चे चार छोटे चौरस. प्रत्येकात एक कर्ण असा आखायचा की चारही कर्ण जोडून आत एक तिरपा चौरस तयार होईल. प्रत्येक छोट्या चौरसाचा निम्मा भाग, म्हणजे २, आत आला. चार दुणे आठ! हवी असलेली बाजू म्हणजे पहिल्या चौरसाचा कर्ण.

यावर वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, ''सर, कर्ण तर सॉक्रेटिसनंच आखला, मुलानं काय केलं?'' शंका रास्त आहे. पण तो आखला केव्हा? मुलगा दोनदा चुकून, पुरता अडकल्यावर. आधीच आखला असता तर ती त्याला नुसती एक रेघ वाटली असती. शिवाय 'किती झाले?' याचं उत्तर प्रत्येक पायरीला त्यानंच दिलंय. तो गुलाम आहे, हेही विसरू नका. चार दुणे आठ हे मालकाला जितकं पटतं तितकंच त्यालाही पटतं. तिथं हुकूम चालत नाही.

आता उलटं उदाहरण. १९९० साली अमेरिकेत 'परेड' साप्ताहिकाच्या आपल्या सदरात मॅरिलिन व्होस सॅव्हंट यांनी एका वाचकानं विचारलेलं कोडं सोडवून दाखवलं. तीन दारं, एकामागे मोटार, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. आत काय आहे हे माहीत असलेला सूत्रधार उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलणार? बाई म्हणाल्या, बदला. सुमारे १०,००० पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं, बाई चुकल्या. जवळजवळ हजार पत्रं डॉक्टरेटवाल्यांची होती, आणि काहींची भाषा चक्क टिंगलीची होती.

बाई बरोबर होत्या. पहिली निवड तीनातून दोनदा चुकते, आणि ती चुकली असेल तर मोटार उरलेल्या दारामागेच असते. पण समजावूनही पटेना, तेव्हा त्यांनी शाळांना सांगितलं, कागदी पेले आणि एक नाणं घ्या, खेळून बघा, मोजा. मुलांनी मोजलं आणि पुष्कळांचं मत बदललं. पदवी आमच्याकडेही आहे, म्हणून सांगतो, आपल्याला 'मला माहीत नाही' म्हणायची सवय राहत नाही. त्या गुलाम मुलाला जे जमलं, ते पदवीवाल्यांना जड गेलं.

म्हणून घरी नातवंडांना कोडं घालाल तेव्हा त्यांना चुकू द्या, मोजू द्या, अडकू द्या. आणि त्यांनी उलट घातलेल्या कोड्यात तुम्हीही त्यांच्यादेखत अडका.

जाता जाता एक. २ फुटांच्या त्याच चौरसाच्या दुप्पट चौरस आपण काढला. आता तिप्पट, १२ चौरस फुटांचा काढायचाय. तर बाजू कुठली? उत्तर आज आम्ही सांगणार नाही. आणि ज्यांना आलंय, त्यांनी कृपया शेजाऱ्याला सांगू नये.